पुराणकथांवरचे महागडे सिनेमे का आपटतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिनेमातलं मला कळतं असा आमच्या नातेवाइकांचा जुना गैरसमज आहे. त्यामुळे रामायणावरचा ‘आदिपुरुष’ येऊन गेल्यापासून लग्नकार्यात, गणपतीत, अगदी बाराव्याच्या जेवणातही मला हेच प्रश्न विचारले जातात. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच इथे लिहून ठेवतो.

‘आपटला’ म्हणजे नक्की काय? पैसे बुडाले की मन उडालं?

दोन्ही वेगळं, आणि गल्लत नेहमीची. ब्रॅड पिटचा ‘ट्रॉय’ २००४ साली आला. साधारण १७.५ कोटी डॉलर खर्च, जगभरात जवळपास ५० कोटी डॉलरची कमाई. त्याला पडेल म्हणण्याची कुणाची छाती नाही. पण ट्रॉयच्या युद्धावरचं होमरचं जुनं ग्रीक काव्य वाचलेली माणसं थिएटरातून मान हलवत बाहेर पडली. ‘४७ रोनिन’चे (२०१३) पैसेही बुडाले आणि जपानी प्रेक्षकही रुसला. ‘आदिपुरुष’ या दोघांच्या मधला: पहिल्या तीन दिवसांत जगभरातून ३४० कोटी आल्याचं निर्मात्यांनी सांगितलं, आणि सोमवारी थिएटरं ओस.

इथे मी मन उडण्याबद्दल बोलतोय. पैशांचा हिशेब पुढे एका उत्तरात आहे, ज्यांना तेवढाच हवा त्यांनी तिथे उडी मारावी.

‘आदिपुरुष’मध्ये नेमकं काय बिघडलं? सगळे तर व्हीएफएक्सला शिव्या देतात.

व्हीएफएक्स (संगणकावर केलेली दृश्यं) वाईट होतेच. पण माझं म्हणणं जरा वेगळं आहे. पैसा दिसण्यावर गेला, बोलण्यावर गेला नाही. आणि रामायण ही मुळात ऐकण्याची गोष्ट आहे.

सुंदरकांडातला एक प्रसंग घ्या. हनुमान अशोकवनात पोचलाय. शिंशपेच्या झाडावर, पानांच्या आड बसलाय. खाली सीता. आता हिच्याशी बोलायचं कसं, या विचारात तो पडतो, आणि वाल्मीकी त्याचा हा विचार घाई न करता सांगतात. द्विजांसारखं संस्कृत बोललो तर हिला वाटेल रावणच सोंग घेऊन आलाय, ही घाबरेल. ओरडली तर राक्षसिणी जाग्या होतील. म्हणून साध्या माणसांच्या बोलीत बोलावं. बरं, तेही एकदम ‘मी रामाचा दूत’ असं नाही. तो आधी हळू आवाजात रामाची कथा सांगायला लागतो, झाडावरूनच, जणू कुणालाच उद्देशून नाही. सीता मान वर करते.

समुद्र ओलांडून आलेला, अंगात एवढी ताकद असलेला हा माणूस (वानर म्हणा) पहिलं वाक्य कोणतं बोलावं यावर थांबून विचार करतो. त्याआधी किष्किंधाकांडात राम पहिल्यांदा त्याचं बोलणं ऐकतो तेव्हा लक्ष्मणाला म्हणतो, वेदांचा अभ्यास केल्याशिवाय असं बोलता येत नाही, एवढं बोलला पण एकही शब्द चुकला नाही. आपल्याकडे मारुती म्हणजे शक्ती आणि तालीम. वाल्मीकींचा मारुती म्हणजे आधी जीभ.

आणि ‘आदिपुरुष’मध्ये शेपटीला आग लागल्यावर याच मारुतीच्या तोंडी काय आलं ते देशाला माहीत आहे. कपडा, तेल, आग, सगळं ‘तेरे बाप का’. माझ्या शेजारी आई बसली होती. ती काही बोलली नाही, पर्समधून चष्म्याची डबी काढली आणि चष्मा काढून डबीत ठेवला. सिनेमा अजून बराच बाकी होता.

बाकीची यादी सगळ्यांना पाठ आहे. सोन्याची लंका काळी-करडी. रावणाला आजच्या सलूनमधला हेअरकट. पुष्पक विमानाच्या जागी वटवाघळासारखा प्राणी. अजगरांकडून मालिश. दहा तोंडं एका ओळीत न मावल्यासारखी पाच-पाचच्या दोन मजल्यांवर. हे सगळं मी माफ केलं असतं. आमच्या गावच्या दशावतारी नाटकात रावणाचं एक तोंड दर वर्षी पडायचं, त्याचं कुणाला काही वाटायचं नाही.

पण ते संवाद तर नंतर बदलले ना?

बदलले. सिनेमा १६ जून २०२३ ला आला आणि आठवड्याभरात ‘बाप’च्या जागी ‘लंका’ असं करून नवीन प्रती गेल्या. संवादलेखक मनोज मुंतशिर यांनी आधी ते संवाद जाणूनबुजून सोप्या भाषेत लिहिल्याचं सांगितलं, आणि जुलैमध्ये हात जोडून बिनशर्त माफी मागितली.

सोप्या भाषेचा मुद्दा फेटाळण्यासारखा नाही, उलट तोच खरा मुद्दा आहे. वर सांगितलं तसं वाल्मीकींच्या हनुमानानेही सोपी भाषाच निवडली होती. एकनाथांनी रामायण मराठीत आणलं ते याचसाठी. पण सोपं म्हणजे नाक्यावरचं नव्हे. आजी नातवाला गोष्ट सांगते तेव्हा एकही अवघड शब्द नसतो आणि तरी मारुती टपोरी होत नाही. शब्द बदलून प्रसंग सुधारला का? नाही. चालीवर शब्द बसवले होते, चाल तीच राहिली.

व्हीएफएक्सचं काय? एवढे पैसे घालून व्हिडिओ गेमसारखं का दिसतं?

टीझर २ ऑक्टोबर २०२२ ला अयोध्येत शरयूच्या काठी दाखवला, आणि ‘व्हिडिओ गेम’ हा शब्द त्याच रात्री चिकटला. प्रदर्शन १२ जानेवारी २०२३ ला होतं, ते पाच महिने पुढे गेलं. दुरुस्ती झालीही. पण काही गोष्टी दुरुस्त होत नाहीत.

सगळ्यात मोठी गोष्ट वजनाची. दहीहंडीला थर लागताना खालच्या थरातल्या पोरांच्या पोटऱ्या बघा. वरचा चढला की थरथरतात. खांद्यावर पाय पडला की खांदा दबतो, मान वाकडी होते, चेहरा आवळतो. डोळ्याला हे शिकवावं लागत नाही, वजन कुठे पडलं ते त्याला आपोआप कळतं. संगणकावरचा वानर उडी मारून फांदीवर बसला आणि फांदी लवली नाही, की तुम्हाला कारण सांगता येणार नाही, पण मन म्हणतं खोटं. असे शेकडो शॉट एकामागून एक आले की मन विश्वास ठेवायचंच सोडून देतं.

दुसरं म्हणजे निळा पडदा. नट रिकाम्या स्टुडिओत उभा, समोर समुद्र ‘आहे’, सैन्य ‘आहे’. बघायचं कुठे? डोंगरावर असतो तेव्हा माणूस डोळे बारीक करतो, वाऱ्याने केस तोंडावर येतात ते बाजूला करतो. या बारीकसारीक गोष्टी जातात आणि चेहरे कोरे होतात. प्रभाससारख्या पडदा भरून टाकणाऱ्या नटाचा राघव मला तरी कोराच वाटला.

३४० कोटी तीन दिवसांत, मग तोट्यात कसा? आमच्या मुलाचं म्हणणं की हिट आहे.

मुलाला हा हिशेब दाखवा. ११८ रुपयांचं तिकीट काढलं तर त्या काळात शंभरावरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १८ रुपये सरकारला. उरले १००, याला नेट म्हणायचं. त्यातला पहिल्या आठवड्यात साधारण अर्धा थिएटरवाल्याचा. वितरकाच्या हातात ५०, आणि त्याचा वाटा आठवड्यागणिक आणखी घटत जातो. म्हणून तर मोठ्या सिनेमांचा सगळा जीव पहिल्या शनिवार-रविवारवर असतो.

आता ३४० कोटी ग्रॉस (म्हणजे करासकट) सगळे देशातलेच धरले (तसे नव्हते, पण हिशेबापुरतं), तरी नेट २८८ आणि वाट्याला १४४ च्या आसपास. बातम्यांमध्ये खर्चाचे आकडे ५०० ते ७०० कोटींपर्यंत फिरत होते. टीव्ही, ओटीटी, गाण्यांचे हक्क यांतून काही परत येतं, पण बाकीचं तिकीटबारीने द्यायला हवं होतं, आणि तिकीटबारी सोमवारी बसली. मग तिकीट १५० वर आणलं, पुढे ११२ वर. भाजी संध्याकाळी स्वस्त होते तसं.

दिग्दर्शक आपला मराठी, ‘तान्हाजी’ एवढा चालला. मग इथे काय झालं?

हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज जरा खाली येतो, घरातल्या मुलाबद्दल बोलावं तसा. ओम राऊत यांनी ‘लोकमान्य’ (२०१५) केला, जानेवारी २०२० मध्ये ‘तान्हाजी’ आणला. त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत लोकप्रिय सिनेमाचा मान मिळाला, अजय देवगणला अभिनयाचा. ‘आदिपुरुष’मध्येही मराठी माणसांची कमी नव्हती. संगीत अजय-अतुल यांचं. शूर्पणखा तेजस्विनी पंडित. हनुमान देवदत्त नागे, म्हणजे ‘जय मल्हार’मधला खंडोबा, आणि ‘तान्हाजी’मधला सूर्याजी.

‘तान्हाजी’तही इतिहास ताणला होताच. सैफ अली खानचा उदयभान त्यात मगर भाजून खातो, ते कुठल्या बखरीत आहे कोण जाणे. पण कोंढाण्याची गोष्ट मुळात एका वाक्यावर उभी आहे: आधी लगीन कोंढाण्याचं, मग माझ्या रायबाचं. शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यापासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत हे वाक्य आपल्या कानात आहे. गोष्टीला कणा होता आणि तो बोलण्याचा होता. दिग्दर्शक त्याच्या अवतीभवती कितीही दोर, तोफा आणि मगरी लावो, कणा हलत नाही.

रामायणात असे कणे शेकड्याने आहेत. त्यामुळे निवडावं लागतं. ‘आदिपुरुष’ने अयोध्या सुरुवातीलाच झपाट्याने उरकली आणि युद्धाला भरपूर वेळ दिला. भरताने पादुका डोक्यावर घेतल्या की आमच्या आळीतली निम्मी बायामाणसं रडतात. युद्धात कुणी रडत नाही. युद्धात फक्त कुंभकर्ण कधी उठतो याची मुलं वाट बघतात.

नेपाळमध्ये का अडवला होता?

सीता भारताची कन्या असल्याचा एक संवाद होता. जनकपूर आजच्या नेपाळात आहे, त्यामुळे तिथे लोक भडकले. काठमांडूचे तेव्हाचे महापौर बालेन शाह यांनी शहरात सगळेच हिंदी सिनेमे बंद केले, आणि काही दिवसांत कोर्टाने मध्ये पडून ते सुरू करायला लावले. माहेर कुठलं हा प्रश्न नाजूक असतो, हे लेखकाला कुणीतरी सांगायला हवं होतं.

म्हणजे मूळ कथेला हातच लावू नये असं तुमचं म्हणणं आहे?

अजिबात नाही, आणि हा आरोप माझ्यावर चुलतभावाने भर पंगतीत केला आहे. लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही. नंतरच्या कुणीतरी घातली, आणि ती इतकी चपखल बसली की आज ती नसलेलं सीताहरण आपल्याला अपुरं वाटतं. आपल्याकडचं ‘भावार्थ रामायण’ तर पूर्णसुद्धा एका हाताचं नाही. एकनाथांनी युद्धकांडापर्यंत आणलं आणि पुढचं त्यांचा शिष्य गावबा याने केलं, तरी आपण नाथांचंच म्हणतो. या कथा बदलतच इथवर आल्यात.

फरक कशासाठी बदललं यात आहे. लक्ष्मणरेषेने एका बाईच्या दारातली अडचण दिसायला लागली: भिक्षा घालावी तर रेषा ओलांडावी लागते, न घालावी तर अतिथी विन्मुख जातो. वटवाघळाने काय दिसायला लागलं?

‘ट्रॉय’मध्ये देव का काढून टाकले?

दिग्दर्शक वोल्फगांग पीटरसन यांना ती खरीखुरी माणसांची लढाई म्हणून करायची होती. कल्पना वाईट नाही. अडचण अशी की होमरच्या ‘इलियड’मध्ये देव म्हणजे शोभेच्या आकृत्या नाहीत, माणसांच्या मनात जे चालतं त्याला दिलेली तोंडं आहेत. ग्रीकांचा सगळ्यात मोठा योद्धा अकिलिस रागाने आपल्याच सेनापतीवर, अ‍ॅगमेम्नॉनवर तलवार उपसतो तेव्हा अथेना देवी मागून येऊन त्याचे केस धरते. फक्त त्याला दिसते, बाकी कुणाला नाही. राग आवरणं इतक्या नेमकेपणाने मी दुसरीकडे वाचलेलं नाही. देव काढले आणि त्यांच्या जागी काहीच ठेवलं नाही.

कथाही कापली. मूळ काव्य युद्धाच्या दहाव्या वर्षातल्या काही आठवड्यांचं आहे आणि ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यसंस्कारावर संपतं. ज्यात लपून ग्रीक शहरात शिरले तो लाकडी घोडा त्यात नाहीच. सिनेमाने दहा वर्षं गुंडाळली, घोडा आणला, आणि जाता जाता ज्यांनी मरायचं नव्हतं त्यांनाही मारलं. हेलनच्या नवऱ्याला, मेनेलॉसला, हेक्टर मारतो. वास्तविक होमरच्याच ‘ओडिसी’त हाच मेनेलॉस हेलनबरोबर घरी सुखाने नांदताना दिसतो आणि पाहुण्यांना जेवू घालतो. अ‍ॅगमेम्नॉन तिथेच ट्रॉयमध्ये मेला, म्हणजे घरी त्याच्या बायकोने केलेला खून गेला, आणि त्यावर उभी असलेली ग्रीक शोकनाट्यंही गेली. कैकेयीला पहिल्याच अंकात सर्पदंश व्हावा तसं झालं.

पण त्या सिनेमात एक प्रसंग असा आहे की त्यासाठी मी तो अजूनही लावतो. पीटर ओटूल यांचा म्हातारा प्रायम, हेक्टरचा बाप, रात्री एकटा शत्रूच्या तंबूत येतो, गुडघे टेकतो आणि ज्याने आपल्या मुलाला मारलं त्याचे हात चुंबतो. मग मुलाचं प्रेत मागतो. तंबू, दिवा, दोन माणसं. हजार जहाजांच्या त्या प्रसिद्ध शॉटपेक्षा याला कितीतरी कमी खर्च आला असेल. आणि प्रेक्षकांना आज विचारा, आठवतं ते हेच.

‘४७ रोनिन’ ही तर जपानची खरी घटना आहे ना? मग त्यात ड्रॅगन कुठून आला?

घटना खरी. १७०१ साली एदोच्या (आजच्या टोकियोच्या) किल्ल्यात आसानो नावाच्या सरदाराने किरा या दरबारी अधिकाऱ्यावर तलवार उपसली. शिक्षा म्हणून त्याला त्याच दिवशी पोट चिरून घ्यावं लागलं. त्याचे सामुराई निर्नायकी झाले, म्हणजे रोनिन. त्यांचा म्होरक्या ओइशी. सूड घेणार हे किराला ठाऊक होतं, हेर मागावर होते. म्हणून ओइशी क्योटोत जाऊन दारू प्यायला लागला, कलावंतिणींच्या वस्तीत पडून राहायला लागला. लोक थुंकले त्याच्यावर. जवळजवळ दोन वर्षं अशी काढली. मग १७०३ च्या जानेवारीत, बर्फाच्या रात्री, त्यांनी किराच्या वाड्यावर हल्ला केला, त्याचं डोकं धन्याच्या थडग्यापाशी नेऊन ठेवलं आणि शिक्षेला सामोरे गेले. टोकियोतल्या सेनगाकुजी देवळात त्यांची थडगी आहेत. दर १४ डिसेंबरला लोक तिथे उदबत्त्या लावायला रांगा लावतात.

आता यात काय कमी आहे? हॉलिवूडला वाटलं, जादू कमी आहे. १७.५ कोटी डॉलर, पहिलाच मोठा सिनेमा करणारा दिग्दर्शक, आणि कियानू रीव्ह्जसाठी ‘काई’ नावाचं अर्धा परदेशी असलेलं नवंच पात्र. चेटकीण, राक्षस, ड्रॅगन. हिरोयुकी सानादासारखा ओइशी हाताशी असून त्याला आपल्याच गोष्टीत अंग चोरून बसवलं. जगभरातून साधारण १५ कोटी डॉलर आले, म्हणजे खर्चही निघाला नाही.

या कथेचा जीव त्या दोन वर्षांत आहे, एका माणसाने जाणूनबुजून स्वतःची अब्रू घालवण्यात. जपानी लोकांनी १७४८ पासून बाहुल्यांच्या आणि काबुकीच्या नाटकात तोच भाग चवीने पाहिला आहे, दारूच्या घरातला. वाट बघणं पडद्यावर दाखवायला ड्रॅगन लागत नाही. नट लागतो.

राजा आर्थरवर तर दर दहा वर्षांनी एक सिनेमा येतो. त्यातला कुठला?

मी २०१७ च्या गाय रिचीच्या सिनेमाबद्दल बोलतो. तो सहा सिनेमांच्या मालिकेतला पहिला असणार होता. पहिल्यातच सगळं आटोपलं. पुन्हा १७.५ कोटी डॉलर (हा आकडा या लेखात तिसऱ्यांदा येतोय, शनीची साडेसाती असावी), कमाई त्याहून कमी.

जुन्या गोष्टीत आर्थर दगडातली तलवार (जो काढेल तो राजा) कशी काढतो माहितीये? त्याचा मानलेला भाऊ केय आपली तलवार घरी विसरतो. आर्थर आणायला जातो, दार बंद. वाटेत दगडात एक तलवार दिसते, तीच उपसून भावाला आणून देतो. राजा व्हायचंय म्हणून नाही, भावाची तलवार राहिली म्हणून. सिनेमात हाच क्षण सैनिकांच्या पहाऱ्यात, पोरांची रांग लावून, आणि तिथे दरडावणारा शिपाई म्हणून चक्क फुटबॉलवाला डेव्हिड बेकहॅम. मी दोन मिनिटं आर्थरऐवजी बेकहॅमकडेच बघत होतो.

‘मुलान’?

थोडक्यात. पुरुषाच्या वेषात युद्धाला गेलेल्या या मुलीचं चीनमधलं मूळ गाणं अगदी छोटं आहे. सुरुवात हातमागाच्या आवाजाने होते, मुलगी विणतेय आणि उसासे टाकतेय. बारा वर्षांचं युद्ध काही ओळींत संपतं. शेवटी दोन ससे शेजारी शेजारी पळताना नर कुठला मादी कुठली कुणाला कळणार, असं म्हणून गाणं थांबतं. २०२० च्या सुमारे २० कोटी डॉलरच्या सिनेमात तिला जन्मजात अद्भुत शक्ती दिली. मग कौतुक कशाचं? शिवाय घर दाखवलं ते दक्षिणेतल्या फुच्यानमधल्या गोल वाड्यासारखं, आणि कथा उत्तरेची. नाशिकच्या मुलीला कौलारू मालवणी घरात राहताना दाखवावं तसं चिनी प्रेक्षकांना ते खटकलं.

म्हणजे कमी पैशात केलं की चांगलं होतं?

असं असतं तर आमचं गॅदरिंग ऑस्करला गेलं असतं. पण काही उदाहरणं बघण्यासारखी आहेत. ‘हनुमान’ हा तेलुगू सिनेमा जानेवारी २०२४ मध्ये आला, ‘आदिपुरुष’च्या एका छोट्या तुकड्याएवढ्या खर्चात, आणि धो धो चालला. दादासाहेब फाळक्यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी रामही केला आणि सीताही. लोक चपला काढून बसायचे असं सांगतात.

आणि ‘गीतरामायण’. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, वर्षभर चाललं, ५६ गाणी. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली. पडद्याचा प्रश्नच नाही. माझ्या आजीने रेडिओसमोर हळदीकुंकू ठेवलेलं आईने पाहिलंय. आईचं रामायण तिथलंच आहे. तिला लंका कशी दिसते विचारा, ती सांगेल सोन्याची, आणि तिने ती कधीच पाहिलेली नाही.

तुम्ही सारखं गावच्या दशावताराचं सांगता. तिथे कुणी निराश का होत नाही?

जत्रेत रात्री बारानंतर सुरू होतं. मागे एक पडदा, समोर लाकडी बाकडं, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. गणपती येतो, संकासुर येऊन टिंगल करतो, मग आख्यान. बाकडं हे सिंहासन, तेच रथ, तेच डोंगर. लिहिलेले संवाद नसतात. नट आख्यान ठरवतात आणि बोलणं तिथल्या तिथे उभं करतात. रावण आणि मंदोदरी (म्हणजे गावातलाच एक मिशा काढलेला बाप्या) यांची जुगलबंदी अर्धा अर्धा तास चालते, आणि खालून म्हातारे ‘वा’ म्हणतात ते मुद्द्याला. चुकीचा शब्द गेला तर तेच म्हातारे खाकरतात.

आता दशावतारातही ‘ट्रिकसीन’ आले आहेत, जाहिरातीत ठळक छापतात. धूर, दिवे, अधांतरी उडणारा देव. मी नाक मुरडणार नाही, मुलांना आवडतं. पण ट्रिकसीनवाल्या नाटकातही बोलणारा नट लागतोच. तो नसेल तर लोक ट्रिक बघून चहाला जातात.

नवीन ‘रामायण’ येतंय, रणबीर कपूरचं. त्याचं काय होईल?

दोन भागांत, २०२६ आणि २०२७ च्या दिवाळीत, अशी घोषणा आहे. मी ज्योतिषी नाही. पहिल्या दिवशी जाईन. हनुमान अशोकवनात पहिलं वाक्य काय बोलतो तेवढंच मला ऐकायचंय.

मुलांना ‘आदिपुरुष’ दाखवावा का?

दाखवा की. त्यांना रावणाचं वटवाघूळ आवडेल. फक्त आधी कुणीतरी गोष्ट सांगितलेली असू द्या.

खरं सांगा, त्यात काहीच आवडलं नाही?

आवडलं ना. अजय-अतुलचं ‘जय श्रीराम’. ते लागलं तेव्हा थिएटर खरंच उभं राहिलं, मीही राहिलो.

आणि ती खुर्ची. प्रत्येक थिएटरात एक जागा हनुमानासाठी रिकामी ठेवायची, असं निर्मात्यांनी जाहीर केलं होतं. आम्ही गेलो तिथे ती आमच्याच रांगेत आली. भगवं कापड, एक छोटी तसबीर, झेंडूचा हार. आईने बसण्याआधी तिला हात लावून नमस्कार केला. मागच्या बाईंनी हळूच एक केळं ठेवलं. एका छोट्या मुलाने ‘हा कधी येणार?’ म्हणून दोनदा विचारलं, बाबांनी ‘येईल, येईल’ म्हटलं. मध्यंतरानंतर आमच्या रांगेत बरीच माणसं परत आली नाहीत. आईने केळं उचलून त्या मुलाला दिलं, तसबीर जरा सरळ केली आणि म्हणाली, चल, शेवटची बस मिळेल.